वजा केलेलं आकाश

पेणला माझ्या दारात अजूनही अधूनमधून कोणीतरी गुडघ्याची फिल्म घेऊन उभं राहतं. "ताई, तुमी एक्स-रेतल्या ना? जरा बघा ना, डॉक्टरनी ऑपरेशन सांगितलाय." जन्मभर एक्स-रेत काम केलं हे खरं आहे, पण हाडं मी कधी बघितली नाहीत. मी ज्यांच्याकडे बघत होते त्या वस्तू इतक्या लांब, की तिथून किरण निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचा प्राणी झालाच नव्हता. हे गुडघेवाल्यांना सांगून काय उपयोग? मी फिल्म उजेडाला धरते, डॉक्टर सांगतात तसं करा म्हणते आणि चहा विचारते. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत वैज्ञानिक अधिकारी होते. वैज्ञानिक म्हणजे विचार करतो तो, आणि वैज्ञानिक अधिकारी म्हणजे त्या विचाराला आकडे पुरवतो तो. लोकांना वाटतं आम्ही रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसायचो. मी एकदाही बसले नाही. क्ष-किरण हवेतून खाली येतच नाहीत, आणि ते बरंच आहे, नाहीतर आपण सगळे केव्हाच होरपळलो असतो. त्यामुळे दुर्बीण उपग्रहावर, उपग्रह दुसऱ्या देशाचा आणि आम्ही दिवसाउजेडी कॉम्प्युटरसमोर, डबा घेऊन. आधी अर्ज करायचा, की तुमची दुर्बीण अमुक दीर्घिकेकडे थोडा वेळ वळवा. बहुतेक वेळा नकार येतो. होकार आलाच, तर पुढे केव्हातरी माहिती हातात पडते: एकेक किरण कधी आला, यंत्रावर कुठे पडला, किती जोराचा होता. एवढंच. तुम्ही मासिकांत जे निळेजांभळे फोटो पाहता ते मागाहून आम्हीच रंगवलेले असतात. पेणजवळ जोह्याला माझ्या दादाचा गणपतीचा कारखाना आहे. तो म्हणायचा, "म्हंजे तुजा पण रंगकामच की गो, शालू." मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही.

एकदा संस्थेत हिशेब तपासायला एक साहेब आले होते. अतिशय सज्जन माणूस. प्रत्येक विभागाला विचारत होते, तुमचं उत्पादन काय? कोणी यंत्रं दाखवली, कोणी रसायनं दाखवली. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, "वजाबाकी." ते सरळ पुढच्या टेबलाकडे गेले.

मी थट्टा करत नव्हते. पण आधी ज्यातून वजा करायचं ते सांगते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. आपली आकाशगंगा चक्रासारखी, हात फुटलेली. दुसरी एक जात आहे लंबवर्तुळाकार दीर्घिकांची. त्यांना ना हात ना पाय, नुसता थोराड गोळा, म्हाताऱ्या तांबूस ताऱ्यांनी भरलेला. यातल्या पुष्कळ दीर्घिका दोन चक्राकार दीर्घिका एकमेकींत घुसून झाल्या असं आम्ही मानतो. त्याला टक्कर म्हणतात, पण तारे काही एकमेकांवर आपटत नाहीत, मधे जागाच एवढी असते. आपटतो तो वायू. मग घुसळण होते, नवे तारे पेटतात, त्यातले काही फुटतात, वायू तापतो आणि बराचसा बाहेर उधळला जातो. हे सगळं निवळायला कोट्यवधी वर्षं लागतात. आता गंमत अशी, की जुन्या, मुरलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती कोटभर अंश तापलेल्या वायूचं मोठं आवरण सापडतं. साध्या दुर्बिणीतून ते दिसत नाही, क्ष-किरणांत मात्र लखलखतं. आणि नुकत्याच विलीन होऊन झालेल्या दीर्घिकांत ते फारसं नसतं. मग जुन्यांकडे ते आलं कुठून? एक मत असं, की म्हातारे होत जाणारे तारे अंगचा वायू सोडत राहतात आणि तो हळूहळू साठतो. पण "फारसं नसतं" म्हणजे नेमकं किती नसतं, यावर पुढचं सगळं गणित अवलंबून.

आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो, त्यांचं सगळं नाव या प्रश्नावर झालेलं. पुण्याचे, हळू बोलणारे, कोणावर आवाज न चढवणारे. नव्याने जन्मलेल्या दीर्घिका वायूच्या बाबतीत रिकाम्या असतात, हे सरांनी एकामागून एक दीर्घिका तपासून मांडलं होतं. जगभर लोक त्यांचा दाखला देत. मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि आहे, हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

आता वजाबाकी. उपग्रहावरचं यंत्र काही न दिसताही खोटे ठिपके देत राहतं. आकाशाचीही स्वतःची मंद चमक असते. मधेच सूर्य उसळला तर कणांचा असा मारा होतो, की चित्रात दीर्घिका शोधून सापडत नाही. हे सगळं काढून टाकल्यावर जे उरेल ते दीर्घिकेचं. पण किती काढायचं? त्यासाठी चित्रातला रिकामा तुकडा घ्यायचा, तिथे किती ठिपके पडलेत ते पाहायचं आणि त्या हिशेबानं दीर्घिकेतून वजा करायचं. सरांचा दंडक असा, की रिकामा तुकडा त्याच चित्रातला हवा, कारण यंत्राचा स्वभाव दर महिन्याला बदलतो आणि दुसऱ्या दिवशीच्या आकाशावर भरवसा ठेवता येत नाही. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं जायचं: दीर्घिकेभोवती गोल काढ, गोलाबाहेर एक कडं काढ, कड्यातलं ते आकाश, ते गोलातून वजा कर. लांबच्या, चिमुकल्या दिसणाऱ्या दीर्घिकांना हा नियम अगदी चोख होता. त्यात वर्षानुवर्षं हात इतका बसला, की कडं कुठे काढायचं हे कोणी विचारतसुद्धा नसे.

आणि चुका? चुका सगळेच करतात. एका मुलानं एकदा दीर्घिकेच्या कडेला वायूचा मोठा गोळा शोधला, आईला फोन केला, दुसऱ्या दिवशी पेढे आणले. तो आपल्याच आकाशगंगेतला एक साधासुधा तारा निघाला, नेमका मधे येऊन उभा राहिलेला. पेढे आम्ही खाल्ले.

दर्शना म्हात्रे आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती पेण तालुक्यातल्या खाडीकडच्या गावातून. घरची माणसं मिठागरावर काम करणारी. पहिल्याच दिवशी मी जोह्याची आहे हे तिला कळलं आणि ती खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली. "जोह्याच्या? मंग आपल्यातल्याच की, मॅडम!" तेव्हापासून सरांसमोर इंग्रजी आणि माझ्यासमोर नाय-व्हय-हाय. बोलायला फार. भांडायला त्याहून जास्त. एखादा आकडा पटला नाही तर जेवणाच्या डब्यावर भांडायची, पोळी हातात तशीच. मला तिचा वैताग यायचा आणि ती रजेवर गेली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. शनिवारी कधी कधी आम्ही दोघी एकाच एसटीनं पेणला उतरायचो, मी जोह्याकडे आणि ती खाडीकडे.

तिच्या प्रबंधासाठी सरांनी तिला एक दीर्घिका दिली. विलीनीकरण अगदी ताजं, टकरीत ओढल्या गेलेल्या ताऱ्यांच्या शेपट्या अजून दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. आणि सरांच्या बाकीच्या दीर्घिकांच्या मानानं ही बरीच जवळची. दर्शनानं गोल काढला, कडं काढलं, वजाबाकी केली. चारदोन ठिपक्यांपलीकडे काही उरलं नाही. सर खूश झाले. इतकी रिकामी दीर्घिका त्यांनाही मिळाली नव्हती.

पेपर लिहिला. आमच्या धंद्यात पेपर नियतकालिकात येण्याआधीच सगळ्यांना वाचायला इंटरनेटवर टाकायची रीत आहे, तसा टाकला. परीक्षकानंही पसंत केला, फक्त एक आकृती नीटनेटकी करून मागितली. आणि त्या पेपरावर परदेशातल्या एका संस्थेनं दर्शनाला जागा देऊ केली. त्यांना रिकाम्या दीर्घिकांवर काम करणारं माणूस हवं होतं. तिच्या वडिलांनी सगळ्या गावाला सांगितलं. आई तर पापड लाटायला बसली, तिकडे बर्फात मिळणार नाहीत म्हणून. मिठागरावरच्या घरातली मुलगी तारे मोजायला परदेशी चालली होती. मलाही आनंद झाला होता, उगाच आव कशाला आणू.

ती आकृती नीट करताना सगळं बिघडलं. दीर्घिकेच्या मध्यापासून बाहेर जावं तसा उजेड कसा कमी होतो, ते दाखवायचं होतं. उजेड कमी कमी होत एका पातळीला सपाट झाला. छान. सपाट झाला म्हणजे तिथून आकाश सुरू झालं. दर्शनाला वाटलं, शोभेला बाजूला दुसऱ्याच दिशेच्या कोऱ्या आकाशाची पातळीही दाखवावी. यंत्राच्या स्वभावातला फरक हिशेबात धरून तिनं ती रेघ ओढली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. कड्याची रेघ कोऱ्या आकाशाच्या वर राहिली.

"मॅडम, इकडं या." मी गेले. तिनं कड्यातल्या किरणांचा जोर मांडला होता, कुठल्या जोराचे किती असा. त्यात एक उंचवटा होता. तो कशाचा हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तापलेल्या वायूत लोखंड असतं, फुटलेल्या ताऱ्यांनी मागे टाकलेलं, आणि त्याची खूण बरोबर त्या जागी उमटते. कोऱ्या आकाशात लोखंडाचा असा उंचवटा येत नाही. आपल्या आकाशगंगेतला कोमट वायू मधे येतो, तो तिनं आधीच बाजूला काढला होता. तरी उंचवटा होताच.

"ही रिकामी नाय," ती म्हणाली. "हिचा गॅस पार कड्याच्या बाहेर पसरलाय. आपण तोच आकाश म्हणून घेतला नि तिच्यातूनच वजा केला."

मी पुन्हा एकदा सगळं तपासलं. तिचं बरोबर होतं. दीर्घिका जवळची, म्हणून चित्रभर पसरलेली. नेहमीच्या सवयीनं काढलेलं कडं तिच्या अंगावरच पडलं होतं.

ती सरांकडे गेली. मीही आत होते, कारण आकडे माझ्याकडे होते. सरांनी आकृती बराच वेळ पाहिली. "उजेड तिथे सपाट झालाय, दर्शना. सपाट म्हणजे आकाश."

"वायू पण सपाट पसरू शकतो, सर. आणि लोखंड?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "असेल. थोडासा असेल. पण तुझी जागा या पेपरवर आहे. हा जाऊ दे. तिकडे गेलीस की पुढच्या पेपरमध्ये दुरुस्त कर. सगळे असंच करतात. शास्त्र असंच पुढे जातं."

ते दुष्टपणानं बोलले नाहीत. खरंच असंच चालतं, आणि त्या घटकेला त्यांना तिची काळजीच होती, अशी माझी खात्री आहे. त्यांच्या स्वतःच्या जुन्या दीर्घिकांचा विषय कोणीच काढला नाही. तिघांच्याही डोक्यात तो होता.

त्या रविवारी दर्शना जोह्याला आमच्याकडे आली. गणपती तोंडावर आलेले. कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, पांढऱ्या मूर्ती दाराबाहेर ओटीपर्यंत मांडलेल्या आणि दादा आखणी करत बसलेला. डोळ्यांची आखणी तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही. आम्ही दोघी कोपऱ्यात पोत्यांवर बसलो. वहिनीनं चहा आणला आणि दर्शनाचा चेहरा बघून विचारलं, "काय झाला गो बाय? घरी बरा हाय ना सगला?"

"घरी बरा हाय," दर्शना म्हणाली. "कामाचा लफडा झालाय."

दादानं हातातला ब्रश न थांबवता विचारलं, "कसला लफडा?"

तिनं मग त्याला एका दमात सांगितलं. "मीठ भरताना बारदानाचं वजन वजा करतात ना, दादा? आमी रिकामं बारदान म्हणून जे धरलं, त्याच्यातच मीठ व्हतं."

"मंग माल कमी भरणारच," दादा म्हणाला. "परत मोज."

"परत मोजला तर नोकरी जाते."

दादा पुढच्या मूर्तीकडे सरकला. वहिनी म्हणाली, "मंग नको मोजूस. तुज्या बापाला केवडा कौतुक हाय." वहिनी तेव्हा जे बोलली ते माझ्याही मनात होतं.

दर्शना माझ्याकडे वळली. "तुमी काय करशाल, मॅडम?"

मी खरं सांगितलं. मी म्हटलं, मी अधिकारी माणूस, माझी नोकरी पेन्शनची. माझं काही जात नाही, त्यामुळे मी काय केलं असतं याला किंमत नाही. तुझं सगळं जाईल. सर म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. दोन वर्षांनी तिकडून दुरुस्त केलंस तरी वायू कुठे पळून जात नाही.

"वायू नाय पळणार," ती म्हणाली. "पण तिथं गेल्यावर पहिल्या दिवसापासनं मी रिकामीवाली म्हणून काम करायचं. जे खरा नाय हे मला म्हाईत हाय, त्याच्यावर. मला नाय जमणार तो. तोंडावर दिसतो माज्या." हे खरं होतं. पत्त्यांतसुद्धा तिला काही लपवता यायचं नाही. चहा संपवून ती गेली, ठरलं की नाही ते बोलली नाही.

प्रबंध सादर करण्याआधी आमच्याकडे एक सेमिनार द्यावा लागतो. बाहेरचे एक परीक्षक येतात, विभाग सगळा बसतो. दर्शनानं दीर्घिकेचं चित्र लावलं, गोल दाखवला, कडं दाखवलं, रिकामी दीर्घिका दाखवली. सरांनी मान हलवली. मग तिनं पुढची आकृती लावली, दोन रेघांची. आणि इंग्रजीत, एकेक शब्द जपून, म्हणाली, की आत्ता दाखवलेला निष्कर्ष चुकीचा आहे, ही दीर्घिका रिकामी नाही, तिचा वायू आम्ही आकाश समजून वजा केला, आणि हा पेपर मी मागे घेते आहे.

बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, कशावरून? तिनं लोखंडाचा उंचवटा लावला. ते पुढे झुकून बघत राहिले आणि म्हणाले, हं.

मग सरांनी विचारलं, अगदी नेहमीच्या आवाजात, "आणि माझ्या जुन्या?"

दर्शनानं पुन्हा दोन रेघांची आकृती लावली. "लांबच्या बरोबर आहेत, सर," ती म्हणाली. "जवळच्या परत बघायला लागतील."

"बघ मग," सर म्हणाले. सेमिनारनंतरच्या चहाला ते थांबले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. परदेशी संस्थेचं उत्तर आलं, फार सौजन्याचं. प्रामाणिकपणाचं कौतुक, जागा मात्र दुसऱ्याला. पेपर मागे घेतला. नवा लिहिला, त्यावर सरांनी आपलं नाव घालू दिलं नाही. दर्शना म्हणते तो त्यांचा मोठेपणा, श्रेय सगळं तिला मिळावं म्हणून. मी म्हणते काखा वर केल्या. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. प्रबंधावर मात्र त्यांनी मुकाट सही केली.

नवा पेपर छापायला नियतकालिक म्हणालं, पुरावा वाढवा, दीर्घिकेच्या बाहेरचं आकाश नव्यानं पाहा. त्यासाठी दुर्बिणीचा वेळ हवा. अर्ज केला, नकार. पुन्हा केला, पुन्हा नकार. अखेर वेळ मिळाला, आणि नेमका त्या दिवशी सूर्य उसळला. जवळजवळ सगळं निरीक्षण फेकून द्यावं लागलं. मी कपाळावर हात मारला, दुसरं काय करणार, सूर्याची तक्रार कुठे करणार? शिवाय उपग्रह म्हातारा झालेला. यंत्रावर वर्षानुवर्षं पातळ किटण बसत जातं आणि नेमके मऊ, कमी जोराचे किरण आधी अडतात. दर्शनाचा वायू त्याच किरणांत दिसत होता. उरल्यासुरल्या माहितीवरून तिला एवढंच लिहिता आलं, की बहुधा वायू आहे. बहुधा कोणी छापत नाही. पेपर परत आला आणि शिष्यवृत्तीही संपली.

ती रोह्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला लागली. लग्न झालं, नवरा तिथल्याच कंपनीत, शिफ्टमध्ये. सर निवृत्त झाले, मग मी झाले. दादाच्या कारखान्यात मी काही उपयोगाची नाही हे लवकरच सिद्ध झालं, म्हणून पेणला घर केलं. वाचायची सवय तेवढी सुटली नाही. आमच्या विषयावर नवं काय येतं ते मी अजून बघते, लोक सकाळी पेपर वाचतात तसं.

मागच्या वर्षी त्यात आमच्या दीर्घिकांवर एक पेपर आला. आता एक नवा उपग्रह आहे, सबंध आकाश फिरून बघणारा. त्याचं चित्र एवढं रुंद, की दीर्घिकेपासून दूरवरचं खरंखुरं कोरं आकाश त्याच चित्रात सापडतं. त्यांनी टकरीतून झालेल्या जवळच्या दीर्घिका तपासल्या होत्या. त्यात दर्शनाची होती. आणि तिच्याभोवती वायू होता, विरळ, पण खूप लांबवर पसरलेला.

मी कागद छापून घेतले, गाडी पकडली आणि रोह्याला गेले. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर्शना उत्तरपत्रिका तपासत होती. मी कागद पुढे ठेवले.

तिनं आधी निकाल पाहिला नाही. तिनं पानं उलटून पहिलं हे शोधलं, की यांनी आकाश कुठून घेतलंय. "लांबून घेतलाय," ती म्हणाली. "बरोबर केलाय." मग आकृती पाहिली. बराच वेळ पाहिली. हसली. "बघा, मॅडम. कड्याच्या पार बाहेर."

मग ती त्या वाक्यापाशी आली. ते तिथे आहे हे मला माहीत होतं, गाडीत वाचून माझं डोकं फिरलं होतं. वाक्य असं होतं, की ही दीर्घिका यापूर्वी वायुहीन असल्याचं सांगितलं गेलं होतं, आणि दाखल्याला दर्शनाचं नाव. इंटरनेटवर टाकलेला पेपर मागे घेतला तरी तिथून जात नाही. मागे घेतल्याची बारीक ओळ असते, ती कोण वाचतो? नियतकालिकात काहीच आलेलं नाही, प्रबंध ग्रंथालयात पडून. तिच्या नावावर जगात एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती तिनं स्वतः खोडलेली.

तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. डोळे भरून आले, तिनं ते लपवले नाहीत.

"मी रिकामी हाय बोल्ले, असा लिवलाय," ती म्हणाली.

"हो."

"मी नाय बोल्ले व्हते. गॅस हाय तिथं, हे पहिलं मीच बोल्ले व्हते ना, मॅडम?"

"तूच."

"तवा जागा गेली त्याचं मला वाईट वाटला, अजून वाटतो. दर वरशी वाटतो. पण म्हटलं, बोल्ले तर खरी. आता तो पण माज्या नावावर नाय."

बेल झाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले, खडू घेतला आणि ती वर्गावर गेली. मला राग आला होता, अजून आहे. आयुष्यभर मी मोजमापाशी मतलब ठेवला, माणसांच्या भानगडीत पडले नाही. पण घरी आल्या आल्या तो नवा पेपर लिहिणाऱ्या लोकांना इ-मेल लिहिली. काय घडलं ते सगळं सांगितलं. उत्तर लगेच आलं, तरुण माणूस असावा, भला वाटला. त्यानं लिहिलं होतं, की फार वाईट वाटलं. म्हात्रेंचं हे म्हणणं कुठे छापून आलंय तेवढं कळवा, आम्ही पुढे जरूर दाखला देऊ.

कुठेच छापून आलेलं नव्हतं. म्हणून या दिवाळी अंकासाठी लिहायचं कबूल केलं. संपादकांनी मागितलेल्या नोकरीच्या गमतीजमतींसाठी नव्हे.

तर छापा. त्या दीर्घिकेत वायू आहे हे सगळ्यांत आधी दर्शना म्हात्रेनं सांगितलं. भर सेमिनारात, सरांच्या समोर, हातातली जागा जाणार हे माहीत असताना. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं.